फाइल बाहेर निघते का?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपलं कामकाज झोहो या चेन्नईच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर नेत असल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस संच वापरायला सांगितलं. तेव्हापासून पुण्यात चार संगणकवाले जमले की वाद एकाच रुळावरून धावतो. एक बाजू म्हणते, गुगल-मायक्रोसॉफ्ट सोडा, चेन्नईची कंपनी धरा, आपला डेटा आपल्या देशात राहू द्या. दुसरी म्हणते, सॉफ्टवेअर भावनेवर निवडायचं नसतं, ज्याचं चांगलं त्याचं घ्या. दोघंही पोटतिडकीनं बोलतात आणि दोघांकडूनही एक प्रश्न सुटतो. उद्या ही कंपनी सोडायची झाली तर आपली फाइल बाहेर निघते का? निघाली तर अर्थासकट निघते, की नुसता सांगाडा हाती येतो? सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच हवा, कंपनीचा पत्ता नंतर बघावा, असं मी ठामपणे म्हणतो. या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ती कंपनी चेन्नईची असो, अमेरिकेची असो वा बाणेरची, आपण अडकलो.

पुण्याला या अडकण्याचा अनुभव जुना आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. त्याच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. पुढे सदर्न मराठा रेल्वेनं पुण्याहून मिरज-बेळगावकडे मार्ग नेला तो मीटरगेजचा, म्हणजे १००० मिलिमीटरचा. दोन्ही कंपन्या विलायती, दोन्हींवर सरकार एकच. तरीही मिरजेकडून मुंबईला जाणारा माल पुण्यात मालगाडीच्या एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. हमाली वाढे, वेळ जाई, पोती फुटत. हा त्रास मालकी बदलून मिटला नाही. रेल्वे स्वतंत्र भारताच्या मालकीची झाल्यावरही कित्येक वर्षं तो चालू होता. मिटला तो रूळ एका मापाचे झाल्यावर, आणि देशभर ते माप एक करण्यासाठी १९९२ मध्ये युनिगेजची मोहीम काढावी लागली.

याहून जवळचा पुरावा अप्पा बळवंत चौक आणि सदाशिव पेठेतल्या प्रकाशकांच्या, छापखान्यांच्या कपाटात आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाइप झाला ते फॉन्ट देशी होते. श्री-लिपी तर पुण्यातल्याच कंपनीची. आज त्या काळची फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडा. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि युरोपीय स्वरचिन्हांचा ढीग दिसतो. फाइल खराब झालेली नसते. तिच्यात मराठी कधी साठवलेलीच नव्हती.

हे असं का झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. त्या फॉन्टमध्ये एकूण २५६ घरं, त्यातली काही वापरता न येणारी. उरलेल्या घरांत 'क', अर्धा 'क', काना, वेलांट्या, रफार, मात्रेसकट रफार, अनुस्वारासकट रफार असे चित्रांचे तुकडे बसवलेले. फाइलमध्ये साठतो तो घराचा क्रमांक. तिथे इंग्रजी 'ए' आहे की मराठी काना, हे फक्त फॉन्टला ठाऊक. कोणत्या घरात कोणता तुकडा ठेवायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतही मांडणी बदलली. शिवाय तुकडे साठतात ते डोळ्याला दिसतात त्या क्रमानं. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर. 'वर्ष' लिहिताना रफार 'ष'च्या मागून. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारं जागतिक मानक. त्यात क्रम उच्चाराचा असतो, आधी 'क' मग वेलांटी, आधी 'र्' मग 'ष'. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसती अदलाबदल करून भागत नाही, प्रत्येक वेलांटी आणि रफार उचलून जागेवर न्यावा लागतो. जोडाक्षरावर वेलांटी असली की ती कुठवर न्यायची हे ओळखण्यात परिवर्तक, म्हणजे हा बदल करणारं सॉफ्टवेअर, चुकतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक त्याच्या तक्त्यात नसला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. मजकुरात अधूनमधून आलेले इंग्रजी शब्द मराठी समजून बदलले जातात आणि त्यांचा चिवडा होतो. तीनशे पानांच्या पुस्तकात पानाला एक चूक धरली तरी तीनशे चुका, आणि त्या नेमक्या कुठे आहेत हे कळायला पुन्हा अख्खं पुस्तक वाचायचं.

इथे फॉन्ट करणाऱ्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि सर्वसामान्य विंडोजवर देवनागरी नीट दिसायला विंडोज २००० यावं लागलं. तोवर मराठी छपाईनं थांबायचं होतं का? खिळे जुळवणाऱ्या हातांना संगणकावर आणलं ते याच फॉन्टांनी, आणि त्यांतली अक्षरवळणं देखणी होती. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच जाहीर झालं होतं. युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे, आणि इस्कीवर काम करणारी सी-डॅक ही सरकारी संगणक संस्थाही पुण्यातच होती. म्हणजे सर्वांना वाचता येईल असं सामायिक माप हाताशी असताना डीटीपीचा, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीचा, बाजार आपापल्या मापानं चालला. त्या मजकुरावर आज शोध चालत नाही, त्याच्या पीडीएफमधून एक ओळ उचलली तर कचरा येतो, आणि अंध वाचकाचं वाचनसॉफ्टवेअर त्यातलं एक अक्षर उच्चारू शकत नाही. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. मराठीतली वीसेक वर्षांची पुस्तकं ज्याला डोळे नाहीत त्याच्यासाठी बंद आहेत, आणि ती बंद करणारं कुलूप स्वदेशी होतं.

कुलूप एकच नव्हतं. मजकूर फॉन्टमध्ये अडकलेला, पान पेजमेकर या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सात, २००१ मध्ये आली. त्याच्या जागी आलेल्या अडोब कंपनीच्याच इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडत, त्यापुढच्या उघडत नाहीत. आणि देवनागरी जोडाक्षरं नीट बांधणारी सोयही इनडिझाइनमध्ये २०१२ च्या त्याच सीएस६ पासून मिळाली. परिच्छेदाच्या पर्यायांत जाऊन 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी सुटी पडते. विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठी दिसू लागली तरी ती प्रकाशकाच्या पानावर यायला आणखी बारा वर्षं गेली, ती यामुळे. लेखक युनिकोडमध्ये लिहून देई, अक्षरजुळणी करणारा ते जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेई, आणि छापून झाल्यावर दुरुस्त प्रत पुन्हा जुन्या फॉन्टमध्येच साठे. २०१३ पासून अडोबनं नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर दिल्या. वर्गणी थांबली की आपल्याच पुस्तकाची फाइल उघडत नाही.

याच्या शेजारी मोडी ठेवून बघा. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची बासनं, वाचणारी माणसं थोडी आहेत हे खरं, पण मोडी शिकायची असेल तर ती शिकता येते. तिचे तक्ते छापलेले आहेत, वर्ग भरतात, भारत इतिहास संशोधक मंडळासारखी १९१० पासूनची संस्था शहरात आहे, आणि २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद चिकाटीनं वाचता येतो, कारण त्या लिपीची किल्ली कुणाच्या मालकीची नाही. १९९८ ची पेजमेकर फाइल वाचायला मात्र बंद झालेलं सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीचा फॉन्ट आणि तो चालवणारं जुनं यंत्र, तिन्ही लागतात. त्यात डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली, लागत असेल आणि ते प्रिंटरच्या जुन्या समांतर पोर्टाचं असेल, तर नव्या संगणकाला ते लावायला भोकच नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरलेले, करार चालू, आणि तरी स्वतःची मेल उघडत नाही. परदेशी कंपनीवर परदेशातल्या राजकारणाचा हात असतो, हे यातून स्वच्छ दिसलं. संरक्षण, वीज, न्यायालयं, महसूल यांचा कारभार अशा कंपनीवर सोपवू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण नायराची अडचण नेमकी काय होती? मेल, कागदपत्रं आणि लॉगिन, तिन्ही एकाच दारामागे होती आणि ते दार दुसऱ्याच्या हातात होतं. तेच दार उद्या देशी कंपनीच्या हातात असलं तर निर्बंधांचा धोका टळेल. कंपनी विकली गेली, दर तिप्पट झाले, ते उत्पादनच बंद केलं, हे धोके तसेच राहतील. झोहो आज फाइल सर्वपरिचित प्रकारांत उतरवून देते, ही चांगली गोष्ट आहे. तिचं कौतुक करायचं तर त्यासाठी करावं. तिची दुसरी जमेची बाजू, चेन्नईचा पत्ता, करारात कसलीच हमी देत नाही.

दुसरा मुद्दा सोयीचा, आणि तोही खरा आहे. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारानं किंवा चार माणसांच्या कचेरीनं स्वतःचा सर्व्हर सांभाळावा असं म्हणणं वेडेपणाचं आहे. मोठ्या कंपन्यांची सुरक्षा, बॅकअप आणि सगळं एकमेकांना जोडलेलं असण्याची सोय त्यांना घरी उभी करता येणार नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराचा दाखला तर विरोधक हमखास देतात. पालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स ही मुक्त प्रणाली घेण्याचा निर्णय घेतला, दहा वर्षं खपून हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, पण बाहेरच्या जगाशी कागदपत्रांची देवाणघेवाण करतानाचा रोजचा जाचही होता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी हे नाकारू नये. मात्र यातून निघतं काय? एका संस्थेनं एकटीनं माप बदललं तर शेजारच्यांचे रूळ जुन्याच मापाचे असतात आणि तिची दमछाक होते. म्हणून माप सरकारनं आणि मोठ्या खरेदीदारांनी ठरवायला हवं. केंद्राचं ई-प्रशासनासाठीचं मुक्त मानकांचं धोरण २०१० पासून आहे. ते असताना सरकारी कचेऱ्यांतून जुन्या फॉन्टमधले मराठी आदेश वर्षानुवर्षं का निघत राहिले?

सोयीची किंमत मोजायला ग्राहक तयार असतो, फक्त ती आधी कळायला हवी. पण ती कळते निघताना. 'एक्सपोर्टचं बटण आहे की' हे उत्तर यावर नेहमी मिळतं. मग त्या बटणातून काय बाहेर येतं ते बघू. गुगल ड्राइव्ह संगणकावर बसवलं की कागदपत्रं इतर फायलींसारखीच दिसतात. ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली की बॅकअप झाला असं वाटतं. 'जीडॉक' शेपटाची ती फाइल म्हणजे नुसता पत्ता असतो, मजकूर गुगलच्या सर्व्हरवरच असतो. खातं बंद झालं की हाती उरतो तो पत्ता. शीट्स एक्सेलमध्ये उतरवलं तर 'क्वेरी' आणि 'इम्पोर्टरेंज' या सूत्रांच्या जागी शेवटचा आकडा गोठतो, आणि ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं स्वयंचलित काम सोबत येत नाही. 'टेकआउट' या गुगलकडून आपला डेटा मागवण्याच्या सोयीनं फोटो मागवले तर ते झिपच्या तुकड्यांत येतात आणि उतरवून घ्यायला साधारण आठवडा मिळतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या पोटात मुळातच तारीख नसते. गुगलमध्ये आपण बसून ती दुरुस्त केली असेल तर ती शेजारच्या वेगळ्या माहितीच्या, म्हणजे जेसन, फाइलमध्ये येते. 'एक्झिफटूल'सारखं साधन चालवून ती परत फोटोत भरावी लागते, नाहीतर आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो आणि नातवाचं बारसं एकाच दिवशी घडल्यासारखं दिसतं. तरीही गुगलचा टेकआउट पुष्कळ बरा म्हणायचा. इतर बऱ्याच जणांकडे एवढंही नसतं.

पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांकडे बघा. फाटकावरची नोंद, मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, पार्किंगचे क्रमांक, सभेच्या सूचना हे सगळं एका ॲपवर असतं. पहिलं वर्ष स्वस्त जातं, तिसऱ्या वर्षी दर वाढतात आणि समिती दुसरं ॲप शोधते. तेव्हा मागितलेला डेटा पीडीएफमध्ये येतो. दोनशे सदनिकांची पाच वर्षांची मासिक बिलं म्हणजे बारा हजार पीडीएफ. त्यातून कोणाची थकबाकी कोणत्या महिन्यापासून, तिच्यावर किती टक्क्यांनी व्याज लागलं, मधेच आलेली अर्धवट रक्कम आधी व्याजात वळती केली की मुद्दलात, हे पुन्हा उभं करायला कारकुनाला बसवावं लागतं. म्हणून बहुतेक समित्या ३१ मार्चची शेवटची शिल्लक तेवढी नव्या ॲपमध्ये 'ओपनिंग बॅलन्स' म्हणून टाकतात आणि मागचा तपशील सोडून देतात. दोन वर्षांनी एखादा सभासद थकबाकी अमान्य करतो. वसुलीच्या दाखल्यासाठी निबंधकाकडे खातेउतारा जोडायचा असतो, आणि तो नेमका जुन्या ॲपमध्ये असतो.

सोसायटीच्या कागदी दप्तराबाबत आपला सहकार कायदा किती जागरूक आहे! सभासदांचं आय रजिस्टर, जे नमुन्यातली यादी, इतिवृत्त, सगळं ठेवलंच पाहिजे. मावळत्या सचिवानं दप्तर दडवलं तर १९६० च्या कायद्याच्या कलम ८० खाली निबंधक ते जप्त करवून देऊ शकतो. मग तेच दप्तर दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर असलं आणि तिनं 'आधी पुढच्या वर्षाची वर्गणी भरा' म्हटलं, तर सोसायटीनं कुणाकडे जायचं? व्यापाऱ्याचंही तेच. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायच्या असतात. सॉफ्टवेअरची वर्गणी मात्र बारा महिन्यांची असते. पुढची कित्येक वर्षं त्या वह्या उघडतील कशा, हा प्रश्न खरेदीच्या दिवशी कुणी विचारत नाही.

भोसरी-चाकणमध्ये कुलूप आणखी पक्कं आहे. मोठ्या वाहन कंपनीकडून छोट्या गाळ्यात सुट्या भागाचं त्रिमितीय मॉडेल येतं ते ती कंपनी वापरते त्याच कॅड, म्हणजे आराखडे काढण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये, बहुधा नव्यातल्या नव्या आवृत्तीत. जुन्या आवृत्तीत ते उघडत नाही, म्हणून व्हेंडरला दरवर्षी वर्गणी भरणं भाग. यावर 'स्टेप' नावाचा सार्वजनिक प्रकार आहे, आयएसओ १०३०३, पहिल्यांदा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला. पण स्टेपमध्ये आकार येतो, तो कसा घडवला याचा क्रम येत नाही. मूळ फाइलमध्ये १२ मिलिमीटरचं भोक साडेबाराचं करायला एक आकडा बदलला की पुरतं, आणि त्याच्याशी बांधलेली चकती, फिक्स्चर, ड्रॉइंग आपोआप बदलतात. स्टेपमध्ये तो पृष्ठभाग पकडून हातानं सारावा लागतो आणि बाकी सगळं वेगळं दुरुस्त करावं लागतं. इथे मला प्रतिपक्षाचं म्हणणं अर्धं मान्य आहे. घडणीचा क्रम प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या गणितानं मांडतं, तो जसाच्या तसा दुसरीकडे नेणं खरोखर अवघड आहे, त्यात दरवेळी लबाडी नसते. पण पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, पासवर्डचं काय? मशीन विकणारा त्याचा लॅडर प्रोग्राम पासवर्डनं बंद करून देतो. मशीनचे पूर्ण पैसे घेतलेले असतात. दहा वर्षांनी एक सेन्सर बदलायचा आणि एक टायमर दोन सेकंदांनी वाढवायचा, तर विक्रेता एकतर उरलेला नसतो किंवा फेरीचे वाटेल तेवढे पैसे मागतो. मग अख्खा प्रोग्राम नव्यानं लिहायचा आणि तोवर मशीन उभं. यात कसलं अवघड गणित आलं?

'कंपनीनं गुंतवणूक केली, ग्राहक धरून ठेवण्याचा तिला हक्क आहे' असंही म्हटलं जातं. मोबाइल नंबरच्या बाबतीत आपण हा हक्क देशानं मिळून नाकारला आहे. २० जानेवारी २०११ पर्यंत देशाच्या बहुतेक भागात कंपनी बदलायची म्हणजे नंबर सोडायचा. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, लग्नपत्रिकांत छापलेला, बँकेत दिलेला नंबर जाईल या भीतीनं माणूस वाईट नेटवर्क सहन करत राही. त्या दिवसापासून '१९००'वर 'पोर्ट' असा निरोप पाठवायचा आणि सुरुवातीला जास्तीत जास्त १९ रुपये भरायचे, एवढ्यावर नंबर आपल्याबरोबर निघू लागला. ज्यांनी कधीच कंपनी बदलली नाही त्यांनाही याचा लाभ झाला, कारण ग्राहक उठून जाऊ शकतो हे कंपनीला दर ठरवताना लक्षात ठेवावं लागतं. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयनं पैशाच्या बाबतीत हेच केलं. पाठवणाऱ्याचं ॲप एक आणि घेणाऱ्याचं दुसरं असलं तरी भाजीवाल्याकडचा व्यवहार अडत नाही.

मग डेटाच्या बाबतीत कायदा कुठे आहे? २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात एकोणिसावं कलम होतं, माणसाला आपला डेटा वापरता येईल अशा रूपात मागण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क देणारं. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात डेटाचा गोषवारा मागता येतो, दुरुस्ती करता येते, पुसून टाकायला सांगता येतं. नेण्याचा हक्क त्यात नाही. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे, आणि क्लाउड सेवा बदलताना ग्राहकाकडून जाण्याचं शुल्क घेणं तिथे १२ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद होणार आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी आपली ताकद या गळालेल्या कलमामागे लावली असती तर देशी कंपन्यांचाच सर्वाधिक फायदा झाला असता. नव्या कंपनीला ग्राहक तेव्हाच मिळतो जेव्हा जुन्या ठिकाणचा डेटा तिला जसाच्या तसा घेता येतो.

कायदा येईपर्यंत खरेदीच्या कागदावर बरंच करता येतं. सोसायटी, शाळा, पतसंस्था, कारखाना, कुणीही करारात चार गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात. सगळ्या नोंदी ओळ-स्तंभांच्या सीएसव्हीत मिळतील, पीडीएफ त्यात धरणार नाही. प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारा तक्ता सोबत असेल. हे सगळं दर तिमाहीला न मागता मिळेल. आणि करार संपल्यावर ९० दिवस डेटा वाचता येईल, वर्गणी थकली असली तरी. मशीनच्या ऑर्डरमध्ये पीएलसीचा मूळ प्रोग्राम टिपणांसह आणि पासवर्डसह दिल्यावरच शेवटचे दहा टक्के मिळतील असं लिहावं. पैसे देण्याआधी एक चाचणीही घ्यावी. पाच नमुना सभासदांच्या वर्षभराच्या नोंदी टाकायच्या, एक्सपोर्ट करायच्या, नेट बंद केलेल्या दुसऱ्या संगणकावर लिब्रेऑफिसमध्ये उघडायच्या आणि एका सभासदाचा खातेउतारा हातानं जुळवायचा. सीएसव्ही उघडताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडायचा, नाहीतर मराठी नावं चुकीची दिसून दोष विनाकारण विक्रेत्यावर जाईल. एवढं करायला एक दुपार लागते. विक्रेता या चाचणीला का-कू करू लागला तर उत्तर मिळालंच.

मेलबाबत तर कायद्याचीही वाट बघायला नको. कंपनीच्या नावाचा मेलपत्ता म्हणजे पोर्ट न होणारा नंबर. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास भरून स्वतःचं '.इन' नाव घ्यायचं, ज्या कंपनीची सेवा घ्यायची तिच्याकडे त्या नावाचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायची हे सांगणारी नोंद, वळवायचा. कंपनी बदलली की तो रेकॉर्ड बदलायचा, दोन दिवसांत नवी मेल नव्या ठिकाणी येते. जुनी मेल आयमॅप या सार्वजनिक पद्धतीनं थंडरबर्ड या मेल-सॉफ्टवेअरमध्ये उतरवून नव्या खात्यात ओढता येते. पत्ता तोच राहतो. नावाचं नूतनीकरण मात्र चुकवू नये, ते गेलं तर सगळंच गेलं. म्हणून ते संस्थेच्या नावावर घ्यावं, एखाद्या उत्साही सभासदाच्या नावावर नको.

आणि ज्यांच्या कपाटात पेजमेकरच्या सीडी आहेत त्या प्रकाशकांनी आता दिवस घालवू नयेत. घरी बनवलेल्या सीडीवरचा थर उतरतो, एक्सपीची यंत्रं एकेक करून बंद पडतायत. आधी सीडी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवा, फॉन्टच्या फायलींसकट, आणि कोणती आवृत्ती होती ते फोल्डरच्या नावातच लिहा. मग पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ प्रकारात काढा. साध्या टेक्स्टमध्ये काढला तर कुठे मराठी फॉन्ट होता आणि कुठे इंग्रजी ही खूण पुसली जाते आणि परिवर्तक आंधळा होतो. त्याच आवृत्तीचा तक्ता असलेला परिवर्तक लावा, आणि पहिल्या दहा पानांत रफार, ऱ्ह-ऱ्य, जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी, क्ष-ज्ञ आणि ॲ-ऑ एवढंच तपासा. तिथे चूक सापडली तर ती पुस्तकभर तशीच असते, तक्त्यात एकदा दुरुस्त करून पुन्हा चालवता येते. ज्यांची छापील प्रत आता कुठेच मिळत नाही, ती पुस्तकं सर्वांत आधी घ्या.